माझा पाच नंबरचा पाय

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीत माझी संत म्हणून कीर्ती पसरली होती. ती जेमतेम आठवडाभर टिकली, पण तेवढ्या दिवसांत मी तिचा पुरेपूर आनंद घेतला, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं, की आमच्या वस्तीतल्या हनुमान मंदिराचा वर्धापनदिन भर मे महिन्यात येतो. ज्यांना नागपूरचा मे ठाऊक आहे त्यांना भरदुपारी उघड्या अंगणातली काळी फरशी म्हणजे काय, हे सांगायला नको. मंडळाच्या मुलांनी ओली बारदानं अंथरली होती, पण ती केव्हाच वाळून गेली होती. आरतीनंतर प्रदक्षिणा सुरू झाल्या आणि बायकांची त्रेधातिरपीट उडाली. कुणी टाचांवर चालतंय, कुणी चवड्यांवर, कुणी फेरी अर्ध्यात सोडून सरळ मांडवात पळतंय. मी मात्र हात जोडून, एकेक पाऊल सावकाश टाकत सगळ्या प्रदक्षिणा पूर्ण केल्या. फरशी थोडी कोमट वाटली, इतकंच.

मांडवात आल्यावर बायकांनी माझ्यासाठी जागा केली. बाईंची साधनाच तेवढी आहे, असं शेजारच्या ठाकरेकाकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. साधना वगैरे काही केली नव्हती, पण आयती मिळत होती तर नाही कशाला म्हणा? मी डोळे अर्धवट मिटले आणि मन एकाग्र झालं की देहाची जाणीव राहत नाही, असं सांगून टाकलं. त्या दिवशी मला जिलबी न मागता दुसऱ्यांदा वाढली गेली. मला मधुमेह आहे, पण गोळी सकाळी घेतली होती, म्हणून ती जिलबीही खाल्ली.

घरी माझ्या सासूबाई, वय नव्वदीच्या घरात. त्यांनी ही हकीकत ऐकून लगेच काटोलच्या बहिणीला फोन लावला आणि सुनेला देव पावला म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझं कौतुक माझ्या देखत केल्याचं मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते.

संध्याकाळी माझ्या यजमानांना हॉलच्या पांढऱ्या फरशीवर ओले डाग दिसले. हे वीज मंडळातून निवृत्त झालेले. गळती कुठली का असेना, तिचा माग काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. डागांच्या मागे मागे ते माझ्यापर्यंत आले, मला खुर्चीत बसवलं आणि उजवा पाय उचलून पाहिला. अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता आणि कातडी लोंबत होती.

"कुसुम, तुले दुखून नाही राहिलं?"

"नाही."

ह्यांनी पाय खाली ठेवलाच नाही. जिथे करंट असायला हवा तिथे तो नसला की घाबरायचं असतं, हे त्यांना तेव्हाच कळलं. मला कळलं नाही. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असाच माझा समज होता, आणि माझ्यासारख्या हजारो बायकांचा आजही असेल. मी हळद लावली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून कैरीच्या लोणच्याला उभी राहिले. लोणचं छान मुरलं. आठवड्याभरात चिंधीला वास येऊ लागला आणि अंगठ्याची कड काळी दिसायला लागली, तेव्हा हे मला रिक्षात घालून धंतोलीला घेऊन गेले.

डोळे मिटा, काकू

धंतोलीत एका रस्त्यावर जेवढे दवाखाने आहेत तेवढी आमच्या माहेरच्या गावात घरं नसतील. आम्ही गेलो त्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आधी जखम पाहिली, मग नायलॉनचा एक जाड धागा लावलेली कांडी काढली. डोळे मिटा, मी धागा टेकवीन, कळलं की हो म्हणा, एवढीच परीक्षा होती.

मी आयुष्यात कुठल्या परीक्षेत नापास झाले नव्हते. डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीच कळेना. पण मॅडमची खुर्ची जरा करकरायची, त्या पुढे वाकल्या की त्यांच्या ओळखपत्राचा बिल्ला टेबलाला लागायचा. मग काय, बिल्ला वाजला की मी हो म्हणायचे. दोनदा मुद्दाम थोडं थांबून म्हणाले, म्हणजे खरं वाटावं. पोरांना कॉपी करताना पकडण्यात माझी हयात गेली होती, त्यामुळे ती कशी करतात हे मला चांगलं माहीत होतं.

"काकू," मॅडम शेवटी म्हणाल्या, "मघापासून तुम्ही हो म्हणताय, पण मी हात लावणं केव्हाच बंद केलंय."

हे शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहायला लागले. मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं. कारण याचा अर्थ काय होतो ते आता मला समजलं होतं. मंदिरातल्या फरशीवर माझी भक्ती चालत नव्हती, माझे बधिर पाय चालत होते.

मॅडमनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. वय वाढलं की पायही म्हातारा होतो, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो पसरतो, कमान खचते, बोटं एकमेकांवर चढतात. तळव्याखालची मऊ गादी जुन्या गादीतल्या कापसासारखी इकडेतिकडे सरकते आणि हाड थेट जमिनीवर टेकतं. त्यात साखरेनं नसा बधिर केल्या की पायाला गरम-थंड, काटा-खडा काही सांगता येत नाही. आणि वर आम्ही त्याला जुन्या मापाच्या चपलेत कोंबतो. माझ्या अंगठ्याच्या कडेला चपलेनं घासून घासून आधीच घट्टा पडला होता, फरशीनं फक्त शेवटचं काम केलं.

मग त्या जे बोलल्या ते मात्र शब्दाला शब्द आठवतं. "संसर्ग हाडापर्यंत गेला असेल तर अंगठा काढावा लागेल. वाचवायचा प्रयत्न करू. पण आज भरती व्हा."

मी मान खाली घालून अंगठ्याकडे पाहिलं. हातानं त्याला धरलं. हाताला अंगठा कळत होता, अंगठ्याला हात कळत नव्हता. परक्याच्या पायाला हात लावावा तसं वाटलं आणि मी त्या खोलीतच रडले.

यमुनाबाई

दवाखान्यातला दिवस पहाटे सुईनं सुरू होतो आणि सलाईनवर सरकत राहतो. सकाळी पोहे, मग ड्रेसिंग, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग सगळ्या नातेवाइकांनी एकाच वेळी विचारायचं, काय म्हणाले? माझी मुलगी नीता पुण्याला असते. ती दर संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि तू कशी आहेस हे विचारायच्या आधी अंगठा दाखव म्हणायची. मी फोन पायाजवळ न्यायचे. आयुष्यात एवढं लक्ष माझ्याकडे कुणी दिलं नव्हतं, जेवढं त्या दिवसांत अंगठ्याकडे दिलं जात होतं.

शेजारच्या खाटेवर आर्वीकडच्या यमुनाबाई होत्या. कपाशीत अनवाणी चालून चालून त्यांच्या पायात तुटलेला फणकूट, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काडीचा खुंट, शिरला होता आणि तो कितीतरी दिवस त्यांना कळलाच नव्हता. त्यांची दोन बोटं गेली होती. पहिल्या दिवशी मी त्यांच्या पायाकडे बघू शकले नाही. त्यांनी ते ओळखलं.

"पाहा नं मास्तरीणबाई, लाजता काहून? दोन बोटं कमी झाले तं नखं कापाचं काम कमी झालं."

त्या स्वतःच इतक्या खळखळून हसल्या की सिस्टर धावत आली. नंतर आमची गट्टी जमली. त्या मला कपाशीच्या वाणांबद्दल सांगायच्या, मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. ड्रेसिंगच्या वेळी आम्ही एकमेकींच्या जखमांचा रोजचा निकाल बघायचो. आज तुमची लाल हाये, चांगली हाये, असं त्या मला सांगायच्या. मी घाबरले की त्या आपला पाय माझ्या खाटेवर ठेवून म्हणायच्या, पाहा, याच्यावर मी पुढच्या महिन्यात शेतात जाऊन राहिली. हे सगळं लिहून काढा, असं मला त्यांनीच सांगितलं. डॉक्टर सांगतात ते घाईत कानावरून जातं आणि घरी विचारायची लाज वाटते, बाईमाणूस पाय कोणाले दाखवते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी हे लिहिते आहे.

तिथेच एक प्रसंग झाला. अंगठ्याशेजारच्या बोटात माझं जोडवं होतं. सुजेमुळे ते मांसात रुतलं होतं आणि सिस्टरनं ते कापून काढायचं ठरवलं. मला धसका बसला तो सासूबाईंचा. लग्नात त्यांनीच ते घातलं होतं, आणि सवाष्णीचं जोडवं कापणं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं काय, हे मला ठाऊक होतं. ह्यांनी बाहेर जाऊन त्यांना फोन केला. परत येऊन हे म्हणाले, आई म्हणते, जोडवे बजारात भेटते, बोट नाही भेटत, काप म्हणा.

मी कापू दिलं. आत बोटाला जोडव्याच्या जागी खोल पांढरी खाच पडली होती. ते किती वर्षं आवळत होतं, कुणास ठाऊक.

उंबऱ्याच्या अलीकडे

हाड शाबूत निघालं. हाडाला काही झालेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा ह्यांनी त्यांना चक्क नमस्कार केला. पण अंगठा अजून वाचलेला नव्हता. जखम भरायला हवी होती, आणि ती भरेपर्यंत एकही पाऊल अनवाणी टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही, अशी अट होती. पुन्हा चिघळली तर मग इलाज नाही.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमचं देवघर स्वयंपाकघरात आहे आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आजवर कुणाची चप्पल गेलेली नाही. गॅसवाला सिलिंडर आणतो तोही बाहेर चप्पल काढून. मी दवाखान्यातून जाड तळाची चप्पल घालून आले आणि उंबऱ्याशी थांबले. सासूबाई आत पाटावर बसल्या होत्या. त्यांनी चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला लागल्या. नाही म्हणाल्या नाहीत. ये असंही म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले.

मग स्वयंपाक ह्यांच्याकडे आला. मी बाहेरून सांगायचे, हे आतून ऐकायचे आणि मधल्या अंतरात काहीतरी व्हायचं. पिठल्यात गाठी, वरण पातळ, आणि सावजी मसाला घालतो म्हणून एकदा त्यांनी जे केलं ते आम्ही तिघांनीही पाणी पीत पीत खाल्लं. सासूबाई एक शब्द बोलायच्या नाहीत, पण ताटात बऱ्याच वेळा निम्मं उरायचं. मला त्यांचा राग यायचा. त्याहून जास्त भीती वाटायची, कारण भाद्रपद जवळ येत होता. महालक्ष्म्या आमच्याकडे मोठ्या असतात. सुनेनं दारातून मुखवटे आत न्यायचे, कुंकवाच्या पावलांवरून, थेट स्वयंपाकघरापर्यंत. यंदा ते कसं होणार, हा विषय घरात कुणीच काढत नव्हतं.

दोन पावलं

मॅडमनी एक सोपी गोष्ट सांगितली होती. नवे बूट घेण्याआधी कागदावर उभं राहून पायाची आकृती काढायची, तीही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय फुगतो. ती कापून बुटात सरकवायची. कागद कुठे दुमडला की तो बूट आपला नाही. ह्यांनी हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, मला चपलेतून थेट त्यावर उभं केलं आणि जाड पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. मी पुन्हा चपलेत पाय घालून बाजूला झाले आणि बघतच राहिले. पसरट, आखूड, बोटांशी फाकलेला असा तो पाय होता. मी जन्मभर पाच नंबरची चप्पल घेत आले होते. दुकानदारानं सहा दिली तर मला राग यायचा.

सासूबाई पलीकडून काठी टेकत आल्या. वाकून पाहिलं. "हा कोणाचा पाय व्हय?"

"माझाच आहे आई."

"तुह्या नाही. तुह्या पाय माह्याजवळ हाये."

त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ काहीतरी उपसण्याचे आवाज येत राहिले, मग त्या एक घडी घातलेलं पांढरं कापड घेऊन आल्या. पिवळट पडलं होतं. त्यांनी ते वर्तमानपत्राशेजारी पसरलं. त्यावर कुंकवाची पावलं होती, विटकरी झालेली. लग्नाच्या दिवशी परातीत कुंकवाचं पाणी केलेलं होतं, त्यात पाय बुडवून मी ह्या कापडावरून चालत घरात आले होते. सासूबाईंनी ते जपून ठेवलंय, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

ती पावलं अरुंद होती, मधे कमानीची जागा कोरी. मुलगी पाहायला आल्या तेव्हा त्यांनी माझे पाय पाहून बाईचं पाऊल कसं असावं तर असं, असं म्हटलं होतं. बहुतेक तेच मनात धरून मी एवढी वर्षं पाच नंबर सोडला नाही. आता दोन्ही पावलं शेजारी शेजारी होती आणि ती एकाच बाईची आहेत यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

सासूबाईंना आपला पाय आठवला. त्या काठी सोडून माझा खांदा धरून वर्तमानपत्राच्या दुसऱ्या पानावर उभ्या राहिल्या आणि ह्यांना म्हणाल्या, माह्याबी काढ. ह्यांनी रेघ ओढली. पेन्सिलीचं टोक त्यांच्या करंगळीला चांगलंच टोचलं असणार. हे चरकून मागे झाले. सासूबाई तशाच उभ्या होत्या.

"आई, टोचलं नाही का?"

"काय टोचलं?"

मी आणि ह्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी खाली बसले आणि त्यांना डोळे मिटायला लावले. बोटानं त्यांचा अंगठा दाबला, टाच दाबली. कळतंय का म्हणून विचारत गेले. त्या काही वेळ हो, हो म्हणत राहिल्या. मग मी हात मागे घेतला आणि नुसतंच विचारलं. त्या पुन्हा हो म्हणाल्या.

मला हसू आवरेना. त्यांनी डोळे उघडले, माझा हात मांडीवर पाहिला आणि त्याही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, लहान मुलीसारख्या. हसता हसता म्हणाल्या, "मले तं कईपासून समजत नाही वं. मी म्हणलं, म्हातारपण हाये, सांगाचं कोणाले?"

त्या संध्याकाळी आम्ही दोघी हॉलमध्ये पाय समोर पसरून बसलो आणि कुणाचं कुठलं बोट कुठे वाकलंय हे बघत राहिलो. मला त्यांचा राग येईनासा झाला, तो कुठे गेला ते कळलंसुद्धा नाही.

सीताबर्डीत

बूट घ्यायला सीताबर्डीला गेलो, तेही संध्याकाळी, भर गर्दीत. ह्यांच्या पिशवीत चार कागदी पाय होते, दोन माझे आणि दोन सासूबाईंचे. पहिल्या दुकानात मी सवयीनं पाच नंबर सांगितला. ह्यांनी कागदी पाय काढून काउंटरवर ठेवला. विकणारा माणूस त्या पायाकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला की आंटी, तुम्ही जरा जेंट्सच्या बाजूला या.

मला मनातून लागलं. मग हे कागद घेऊन प्रत्येक बुटात सरकवायला लागले. कुठे बोटांशी दुमडायचा, कुठे कडेला वर यायचा. हे दरवेळी मान हलवून म्हणायचे, शॉर्ट सर्किट. तिसऱ्या दुकानापर्यंत आसपासचे चार लोक थांबून बघायला लागले होते. एक काकू आपल्या नवऱ्याला म्हणाल्या की तुम्ही पण असं करा नं. मलाही मग मजा यायला लागली.

शेवटी एक बूट सापडला. काळा, रुंद, समोर उंच, आत मऊ, वर चिकटपट्टी. सात नंबर. कागद आत सरळ झोपला, कुठेही दुमडला नाही. आत हात घालून मी सगळीकडे चाचपलं, कुठे शिवण टोचत नाही ना, खिळा नाही ना. आता रोज घालायच्या आधी हे करायचं असतं, कारण पाय सांगणार नाही, हातानं विचारायचं. मी आरशात पाहिलं. साडीखाली ते बूट एखाद्या हवालदाराचे वाटत होते. पण उभं राहिल्यावर बोटं एकमेकांपासून सुटी झाली आणि किती तरी वर्षांनी पाय पूर्ण टेकला. त्याला काही कळत नसेल, मला कळलं. दुकानातच मी दोन फेऱ्या मारल्या.

सासूबाईंसाठी मागे पट्टा असलेली मऊ चप्पल घेतली. त्या घालतील असं मला वाटत नव्हतं.

परात

जखम भरत गेली. रोज सकाळी हे हातात आरसा घेऊन माझा तळवा बघायचे, मग सासूबाईंचा. घरात चष्मे कुठे ठेवले यावरून भांडणं व्हायची. कधी जखम सुधारायची, कधी जागच्या जागी थांबायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या तेव्हा मॅडमनी पट्टी सोडली, बोटानं कडेकडेनं दाबून पाहिलं आणि पूर्ण भरली म्हणाल्या. अंगठा वाचला. संवेदना बहुधा परत येणार नाही, आता डोळ्यांनीच पाय सांभाळायचा, अनवाणी कधीच नाही, हेही सांगितलं. मी ऐकलं सगळं, पण आत वाजत होतं ते एकच, अंगठा वाचला. नीताला फोन लावला तर ती अंगठा दाखव म्हणालीच. मी मनसोक्त दाखवला.

तिथेच नवे बूट घालून मी रिक्षातून घरी आले. दारात पाऊल टाकणार तोच आतून सासूबाईंचा आवाज आला.

"थांब वं. उंबऱ्याबाहेरच राह्य."

मी थांबले. दारातून आत एक पांढरं धोतर अंथरलेलं होतं, ते हॉलमधून पुढे गेलेलं दिसत होतं. दारात परात होती, कुंकवाच्या पाण्यानं भरलेली. मी समजले. डोळे भरून आले. खाली वाकून बुटाची पट्टी उघडायला लागले.

"काढू नोको. डॉक्टरनं सांगतलं नं तुले? तशीच ये."

मी मान वर केली. सासूबाई आत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या पलीकडे, भिंतीला धरून उभ्या होत्या. पायात मी आणलेली मऊ चप्पल होती.

मी बुटासकट परातीत पाय ठेवला. मग दुसरा. बूट मोठे, कुंकू बाहेर सांडलं. ह्यांनी माझा हात धरला आणि मी धोतरावरून चालत गेले, हॉल ओलांडला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबले. सासूबाईंनी हात पुढे केला. मी आत गेले. देवासमोर उभी राहून हात जोडले आणि मग चहा टाकला.

त्या चहाला तिघंही हॉलमध्ये बसलो. सासूबाईंनी जुनं कापड काढून नव्या धोतराशेजारी पसरलं. एका बाजूला लहानशी, अरुंद, कमानीची पावलं. दुसऱ्या बाजूला सात नंबरचे नागमोडी रेघांचे ठसे. यंदा लक्ष्मी बुटानं आली, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते कापड धुवायचं नाही, ट्रंकेत ठेवायचं, हेही त्यांनी बजावलं.

ह्यांनी चष्मा लावला, वाकले आणि ठशावरून बोट फिरवत राहिले.

"अंगठा कुठी हाये याच्यात? दिसून नाही राहिला."

"आत आहे," मी म्हटलं.